काटा हलत नाही, मग व्यायामाने बदलतं काय?

पेशीपुराण (धागाकर्ता), सोमवार रात्री १०:१२

दर दोन-चार महिन्यांनी इथे एक धागा निघतोच: "रोज चालतोय, वजन ढिम्म हलत नाही, व्यायाम म्हणजे थोतांड आहे का?" मग खाली दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळं खाण्यावर आहे. दुसरा म्हणतो, तुम्ही घामच गाळत नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. या भांडणात दोन्हीकडच्यांचे डोळे काट्याला चिकटलेले असतात, स्नायूचं नाव कोणी घेत नाही. म्हणून हा धागा.

आधी साखर. माणसाला शिरेतून इन्सुलिन द्यायचं, साखर पडू नये म्हणून सोबत ग्लुकोज द्यायचं आणि ते ग्लुकोज जातं कुठे ते मोजायचं, अशी एक चाचणी आहे. तिला क्लॅम्प म्हणतात. त्यात सुमारे ८० टक्के ग्लुकोज हाडांना जोडलेले स्नायूच उचलतात असं दिसतं. (प्रत्यक्ष जेवल्यावर यकृताचा वाटा बराच वाढतो, पण तरी स्नायू हे मोठंच गिऱ्हाईक.) म्हणजे "माझी साखर वाढते" या तक्रारीचं निम्मं उत्तर मांड्या, पोटऱ्या आणि पाठीत शोधायला हवं.

स्नायूपेशीच्या आत ग्लुट-४ नावाचं प्रथिन बारीक पिशव्यांमध्ये बसलेलं असतं. इन्सुलिन आलं की पेशीत एकामागून एक निरोप जातात, पिशव्या पेशीच्या पडद्याशी येतात आणि ग्लुकोज आत जायला लागतं. लठ्ठपणात बहुतेकदा बिघडते ती ही निरोपांची साखळी. ग्लुट-४ असतं, पण जागचं हलत नाही. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन सोडतं, तेवढ्याने काही वर्षं भागतं, आणि रिपोर्टमध्ये साखर "नॉर्मल" येत राहते.

आता खरी गंमत. स्नायू आकुंचन पावला की पेशीत कॅल्शियम वाढतं, एटीपी हे पेशीचं इंधन खर्च होतं, एएमपीके नावाचं विकर कामाला लागतं, आणि त्याच पिशव्या वेगळ्या वाटेने पडद्याशी येतात. या वाटेला इन्सुलिनची गरज नाही. ही वाट लठ्ठ माणसात आणि टाइप २ मधुमेह्यातही बरीचशी शाबूत असते. १९९९ साली बोस्टनच्या जोस्लिन सेंटरमधल्या संशोधकांनी सायकल चालवण्याआधी आणि चालवल्यानंतर मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून हे माणसांमध्ये दाखवलं. मधुमेह्यांचं ग्लुट-४ निरोगी लोकांसारखंच पडद्याशी आलेलं होतं.

दुसरी बाजू चरबीची. रात्रभर पोट रिकामं असताना सडपातळ, फिरत्या माणसाचा स्नायू मुख्यतः चरबीवर चालतो आणि जेवण झालं की साखरेकडे वळतो. पिट्सबर्गच्या केली आणि मॅन्डारिनो यांनी नव्वदच्या दशकात लठ्ठ लोकांच्या पायांत येणारं आणि पायांतून जाणारं रक्त तपासलं. त्यांचा स्नायू उपाशी असताना चरबी कमी जाळत होता आणि इन्सुलिन दिल्यावर साखरेकडेही नीट वळत नव्हता. दोन्ही वेळी मधल्यामध्ये अडकलेला.

साहजिक प्रश्न येतो: वजन उतरवलं की हे सुधारेल ना? अमेरिकेतल्या ईस्ट कॅरोलिना विद्यापीठाचं २००८ सालचं काम मला यासाठी फार आवडतं. अतिलठ्ठ स्त्रियांचं वजन वर्षभरात सरासरी ५५ किलो उतरलं. पंचावन्न! स्नायूची चरबी जाळण्याची क्षमता आधी आणि नंतर मोजली. फरक शून्य. मग सडपातळ, लठ्ठ आणि वजन उतरवलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या लोकांना सलग १० दिवस व्यायाम करायला लावला. तिन्ही गटांत क्षमता वाढली, आणि सगळ्यात जास्त वाढली ती वजन उतरवलेल्यांमध्ये, अडीच पटीच्याही वर. दहा दिवसांत काट्यावर काय दिसणार?

माझं म्हणणं एवढंच की काटा आणि स्नायू हे दोन वेगळे हिशोब आहेत. विचारा काय विचारायचं ते.

रानभूल, सोमवार रात्री १०:३१

पयला! बाकी वाचतो उद्या. नागपुरात आत्ता ४३ आहे, आमचा स्नायू कूलरसमोरून हलत नाही.

ढेरपोट्या, सोमवार रात्री १०:५८

लेख चांगला आहे, पण साहेब, गणित गणित असतं. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी. नव्वद किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर अडीचशे-तीनशे जातात. खाली उतरून एक वडापाव खाल्ला की मामला बरोबरीत. मग तुमचं ते ग्लुट-४ पडद्याशी येऊन काय आरती करणार? हलके घ्या.

धन्नो, सोमवार रात्री ११:२०

ढेरपोट्या, तुम्ही वडापाव खाता म्हणून सगळेच खातात असं नाही :-)

पेशीपुराण, माझंच वर्णन केलंत. वय ४१, पीसीओएस (बीजकोशांचा विकार), वजन ८८. दिवाळीनंतर चालायला लागले, घरीच डंबेल्स आणले. वजन दीड किलो उतरलं आणि तिथेच ठाण मांडून बसलंय. ऑफिसात "काय गं, अजून जातेस का चालायला?" असं विचारतात, त्यातला 'अजून' ऐकू येतो. पण फास्टिंग इन्सुलिन आधी २२ होतं, आता १३. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला. वजन तेवढंच असताना हे कसं होतं, हेच मला कोणी सांगत नव्हतं.

पेशीपुराण, मंगळवार सकाळी ७:०५

@ढेरपोट्या, तुमचं गणित बरोबर आहे, त्यात भांडण नाहीच. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, हे मी वर्गातही सांगतो. उलट एक भर घालतो: "स्नायू वाढवा, झोपेतही कॅलरी जळतील" असं जिमवाले सांगतात ना? विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला जेमतेम १३ कॅलरी जाळतो. चरबी साधारण साडेचार. मर मर मरून दोन किलो स्नायू कमावला तरी दिवसाकाठी दोन बिस्किटांचासुद्धा हिशोब सुटत नाही. तेव्हा वजन उतरवण्याचं यंत्र म्हणून स्नायूकडे बघूच नका. तो साखर आणि चरबी कुठे ठेवतो, किती लवकर वापरतो, ते बघा.

@धन्नो, तुमचा रिपोर्ट हेच सांगतोय. तेवढीच साखर आवरायला स्वादुपिंडाला आता कमी इन्सुलिन सोडावं लागतंय. दोन गोष्टी झाल्या असाव्यात. एक, ग्लुट-४ चा एकूण साठाच वाढला. दुसरी, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्या, वाढले. हे पहिल्यांदा सेंट लुईसच्या जॉन हॉलोझींनी १९६७ मध्ये उंदरांना पट्ट्यावर पळवून दाखवलं. पळणाऱ्या उंदरांच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रियाची इंधन जाळण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली होती. तोवर लोकांना वाटायचं की दम वाढतो तो फक्त हृदय-फुप्फुसांमुळे.

आणि 'अजून जातेस का' विचारणाऱ्यांना "हो" म्हणून सांगा.

लोखंडी, मंगळवार सकाळी ८:४०

कोल्हापूरहून राम राम. मी तालमीत वाढलेला माणूस, आता जिम चालवतो. तुम्ही सगळे चालणं चालणं करताय, जोर-बैठकांचं काय? आमच्याकडं शंभर किलोचे पैलवान पहाटे बैठका मारतात, माती उकरतात, त्यांना साखर शिवत नाही. पण कुस्ती सुटली आणि खुराक सुटला नाही की चाळिशीत सगळे डॉक्टरच्या दारात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा न्हवं. वजन तेच असतंय, तूप तेच असतंय, फकस्त बैठका गेल्यात.

पेशीपुराण, मंगळवार दुपारी १:१५

@लोखंडी, तुमच्या तालमीतलं निरीक्षण लाखमोलाचं आहे. प्रयोगशाळेत याचीच छोटी आवृत्ती करून झाली आहे. डेन्मार्कमध्ये रोज दहा हजार पावलं चालणाऱ्या तरुण, निरोगी पुरुषांना दोन आठवडे दीड हजाराच्या आत ठेवलं. लिफ्ट वापरायची, गाडीने जायचं, बस्स. दोन आठवड्यांत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे १७ टक्क्यांनी घसरला. तरुण, निरोगी लोकांत.

जोर-बैठकांसाठी आणखी एक डॅनिश प्रयोग, २००४ चा. मधुमेही पुरुषांनी आठवड्यातून तीनदा, अर्धाअर्धा तास, सहा आठवडे ताकदीचा व्यायाम केला, पण एकाच पायाने. दुसरा पाय तसाच ठेवला. नंतर तपासलं तर व्यायाम केलेल्या पायात ग्लुट-४ वाढलेलं, तो पाय साखर जास्त उचलत होता. शेजारचा पाय जिथल्या तिथे. माणूस तोच, जेवण तेच, वजन तेच, रक्तही तेच.

एका पायाच्या प्रयोगांची परंपरा जुनी आहे. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन हे दोन डॉक्टर एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना बसले. एकाने डाव्या पायाने पेडल मारायचं, दुसऱ्याने उजव्या, पाय गळून पडेपर्यंत. मग तीन दिवस दोघांनी पिष्टमय पदार्थांवर ताव मारला आणि रोज दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे तुकडे काढले, स्वतःच्याच. दमलेल्या पायातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, साठा दुसऱ्या पायाच्या दुपटीपर्यंत गेला. म्हणजे व्यायामाचा परिणाम स्नायूच्या आतच राहतो, नुसता रक्तातून सगळीकडे फिरत नाही, हे तेव्हाच कळलं.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट: ज्या स्नायूला काम दिलं, तोच सुधारतो. म्हणून मोठे स्नायू, म्हणजे मांड्या, नितंब, पाठ, यांना कामाला लावणारा व्यायाम आधी. बैठका म्हणूनच उत्तम. फक्त शंभर किलोच्या नवख्या माणसाने तालमीतल्या आकड्यांची बरोबरी करू नये.

रानभूल, मंगळवार दुपारी १:४०

हे स्नायूचे तुकडे काढतात म्हणजे नेमकं काय करतात हो? ऐकूनच माझ्या मांडीत गोळा आला.

पेशीपुराण, मंगळवार दुपारी २:०२

वाटतं तेवढं भयंकर नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा, गुडघा आणि कंबर यांच्या साधारण मधला स्नायू निवडतात. कातडी आणि तिच्याखालचं आवरण इंजेक्शनने बधिर करतात. आवरणात इतकंच, आत स्नायूत नाही, कारण बधिरतेचं औषध नमुन्यात मिसळलं तर मोजणी बिघडते. पाऊण-एक सेंटिमीटरचा छेद. मग पेन्सिलीएवढी जाड पोकळ सुई आत सारतात. तिच्या कडेला खिडकी असते. स्नायू त्या खिडकीत ओढला की आतली नळी खाली दाबून कापतात. कापताना दुखण्यापेक्षा एक विचित्र जड दाब जाणवतो, पायात पेटका आल्यासारखा. शंभरेक मिलिग्रॅमचा तुकडा निघतो आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये जातो. सेकंदांचा हिशोब असतो, कारण एएमपीकेसारखी विकरं तुकडा कोमट राहिला तर स्वतःच बदलतात. नंतर पट्टी, आणि दोन दिवस जिना उतरताना आठवण.

ही सुई मांड्यांच्या अभ्यासासाठी रूढ केली ती वर सांगितलेल्या बर्गस्ट्रॉमनीच, १९६२ साली.

कोथरूडचे_आप्पा, मंगळवार सायंकाळी ६:३०

नमस्कार. वय वर्षे ७२. आमच्या वडिलांनी आयुष्यभर जेवणानंतर शतपावली घातली, त्यांना शेवटपर्यंत गोळी लागली नाही. आता मुलगा सांगतो, पप्पा, सकाळी पाऊण तास एकदम चाला, 'कार्डिओ' होतं. कोणाचं ऐकावे? माझी साखर काठावर आहे आणि रात्रीचे जेवण झाल्यावर वर जाते.

दुसरे. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२. मी कधीच जाडा नव्हतो. मग मला हे का व्हावे?

पेशीपुराण, मंगळवार रात्री ९:५०

आप्पा, वडिलांचं ऐका, फक्त पावलं शंभरावर थांबवू नका. अमेरिकेत २०१३ साली साठीच्या पुढच्या, साखर काठावर असलेल्या लोकांवर अगदी तुमच्याच प्रश्नाचा प्रयोग झाला. एकदा सकाळी सलग ४५ मिनिटं, एकदा दुपारी सलग ४५ मिनिटं, आणि एकदा प्रत्येक जेवणानंतर १५-१५ मिनिटं चालायला लावलं. दिवसभराची साखर सकाळच्या चालण्याने आणि तीन तुकड्यांनी सारखीच सुधारली. पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरली ती फक्त जेवणानंतर चाललेल्यांची. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत पायरी उतरा. ज्या वेळी रक्तात साखर चढत असते त्याच वेळी पायांचे स्नायू ती इन्सुलिनशिवायच्या वाटेने ओढून घेत असतात, एवढंच त्याचं गमक.

तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर मात्र खिशात साखर ठेवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा. त्या औषधांवर चालणं वाढवलं की साखर फार खाली जाऊ शकते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर तुमच्याच गावात शोधलं गेलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं जिथे कमी पडत होती ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. म्हणजे साखर ठेवायची कोठारं आपल्याकडे जन्मापासूनच लहान. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या वर बीएमआय गेला की जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. तुमचा २२ हा स्नायूंच्या बाजूने २२ आहे की पोटाच्या, ते कंबर सांगेल.

चिकित्सक_चिंटू, बुधवार सकाळी ९:१०

फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. खुर्चीत बसून टाच वर-खाली करा, मधुमेह पळून जाईल, अमेरिकन शास्त्रज्ञांचा शोध. हा चावट प्रकार आहे की खरं? खरं असेल तर जिमची फी परत मागतो.

पेशीपुराण, बुधवार सकाळी १०:२५

मूळ काम खरं आहे. ह्यूस्टनच्या मार्क हॅमिल्टन यांचं, २०२२ सालचं. पोटरीतला सोलियस हा खोल स्नायू शरीराच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का. तो स्वतःचं ग्लायकोजेन फारसं वापरत नाही, रक्तातलं इंधन ओढत राहतो. बसल्या जागी त्याला विशिष्ट पद्धतीने हलवत ठेवलं, तर ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखरेची चढण सुमारे ५२ टक्क्यांनी कमी झाली.

व्हिडिओत जे सांगत नाहीत ते असं: ते लोक तासन्‌तास टाच हलवत होते, प्रयोगशाळेत, स्नायूची विद्युत हालचाल मोजणारी यंत्रं लावून, नेमका सोलियसच चालतोय ना ते बघत. मालिका बघताना पाच मिनिटं पाय हलवून तो परिणाम मिळत नाही. फी राहू द्या.

बसून राहण्याबद्दल याहून सोपं काम ऑस्ट्रेलियातलं आहे, २०१२ चं. जादा वजनाच्या लोकांना दर २० मिनिटांनी उठवून दोन मिनिटं चालवलं. जेवणानंतरची साखरेची चढण हळू चालण्याने सुमारे २४ टक्के आणि जरा झपझप चालण्याने ३० टक्के घटली. ऑफिसात पाण्याची बाटली लहान ठेवा, आपोआप उठाल.

सुगरण_सुमन, बुधवार दुपारी ३:३०

म्हणजे आम्ही दिवसभर घरात उभ्या असतो ते चालेल ना? केर, लादी, भांडी, वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालणं. तरी वजन ७९. डॉक्टर म्हणतात "व्यायाम करा", मी म्हणते मग सकाळपासून काय करतेय?

धन्नो, बुधवार दुपारी ३:४४

सुमनताई, +१००. हा प्रश्न कुठल्याही पुरुष डॉक्टरला पडत नाही.

पेशीपुराण, बुधवार रात्री ८:४०

सुमनताई, चालतंच. वरचा ऑस्ट्रेलियन प्रयोग तुमच्याच बाजूचा आहे. घरकाम करणारा स्नायू खुर्चीतल्या स्नायूपेक्षा नक्की बरा. अडचण एवढीच की शरीर त्या कामाला सरावलेलं असतं. मायटोकॉन्ड्रिया वाढायचे तर पेशीला थोडी टंचाई भासावी लागते, श्वास लागावा लागतो. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम दिवसातून वीसेक मिनिटं लागला तर घरकामात जे होत नाही ते व्हायला लागेल. कपडे वाळत घालायला वर जाताच, तर तोच जिना एकदा रिकाम्या हाताने झपझप चढा. आणि लादी पुसण्याची पाळी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्या, त्यांच्याही स्नायूंचं भलं होईल.

जर्सीचा_गण्या, गुरुवार पहाटे ५:०२

इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळातले अर्धे लोक इंजेक्शनवर आहेत. मीही. तिर्झेपाटाइड, वजन उतरतंय, तोंडावरून कळतं. बायको म्हणते गाल बसले, वरण-भात खा. भारतातही २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो (म्हणजे हेच तिर्झेपाटाइड) आणि जूनमध्ये वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) आलंय म्हणे. मग आता व्यायामाची गरज उरली का? प्रामाणिक प्रश्न आहे.

पेशीपुराण, गुरुवार सकाळी ७:३०

गण्या, उरली. वाढलीच म्हण.

या औषधांनी भूक मरते आणि वजन उतरतं, त्यात वाद नाही. पण उतरलेल्या वजनात सगळी चरबी नसते. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत काही जणांचं शरीर यंत्राने मोजलं होतं, तेव्हा घटलेल्या वजनातलं सुमारे ४० टक्के 'लीन मास' होतं. आता लीन मास म्हणजे चरबी सोडून उरलेलं वजन, निव्वळ स्नायू नव्हे, त्यात पाणी आणि अवयवही येतात. जड शरीर वाहून नेणारा थोडा स्नायू कमी होणं स्वाभाविकही आहे. पण ईस्ट कॅरोलिनाचं काम आठव: पंचावन्न किलो उतरूनही उरलेल्या स्नायूची चरबी जाळण्याची क्षमता होती तिथेच होती. ती वाढली व्यायामाने.

डॅनिश लोकांनी २०२१ मध्ये हेही तपासलं. आधी आठ आठवडे कडक आहार देऊन लोकांचं वजन उतरवलं. मग वर्षभर कोणाला नुसता व्यायाम, कोणाला लिराग्लुटाइड (याच जातीचं इंजेक्शन), कोणाला दोन्ही, कोणाला काहीच नाही. दोन्हीवाल्यांचं सगळ्यात चांगलं झालं. पण मला जास्त बोलका वाटतो तो पुढचा भाग: औषध बंद केल्यावर वर्षभराने पाहिलं, तेव्हा नुसत्या औषधावर असलेल्यांचं वजन बरंच परत आलं होतं आणि व्यायामाची जोड असलेल्यांनी ते जास्त टिकवलं होतं.

तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचल. आणि बायकोचं ऐक, पण वरणाच्या वाटीकडून. भूक मेली की प्रथिनं सगळ्यात आधी सुटतात. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) प्रथिनांचा आकडा वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे, तो निरोगी माणसासाठी. वजन उतरत असताना जास्त लागतं, किती ते तुझ्या डॉक्टरांकडून ठरवून घे, विशेषतः किडनीचं काही असेल तर.

मनीमाऊ, गुरुवार दुपारी १२:१०

माझी आई ६४, वजन ९६, दोन्ही गुडघे गेलेले. बैठका, जिना, झपझप चालणं, सगळंच बाद. तिला हा धागा वाचून दाखवला तर म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी काही नाहीच." काय सांगू तिला?

लोखंडी, गुरुवार दुपारी १२:४८

आक्कांना सांगा, खुर्चीवरनं उठायचं आणि बसायचं. खुर्ची उंच घ्या, वर उशी टाका, पुढं टेबल धरायला. आपली बैठकच हाय ती, निम्मी. बसताना धपकन न्हाई बसायचं, हळू. जमंल तेवढंच, मग दम, मग परत. माझ्याकडं अशा तीन-चार आज्ज्या येतात. पंधरा दिवसांनी उशी काढायची.

पेशीपुराण, गुरुवार दुपारी २:२०

लोखंडी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, विशेषतः "हळू बसायचं" याला. त्यात मांडीचा स्नायू ताणला जात असताना काम करतो आणि गुडघ्यावर आदळत नाही. जवळ तलाव असेल तर कमरेएवढ्या पाण्यात चालणं, नाहीतर बसून चालवायची सायकल. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून सुरुवात करा. दंडांचे, पाठीचे स्नायूही साखर उचलतात, रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून ओढला तरी.

मनीमाऊ, आईला हेही सांगा की लठ्ठ माणसाचा स्नायू सडपातळ माणसाच्या स्नायूइतकाच, काही वेळा जास्तच, व्यायामाला प्रतिसाद देतो. ज्यांची सुरुवात खालून होते त्यांना चढायला जागा जास्त असते.

ढेरपोट्या, गुरुवार रात्री ९:१५

एक खरीखुरी शंका. मध्यंतरी वाचलं होतं की मॅरेथॉनवाल्यांच्या स्नायूतही चरबी भरलेली असते. मग स्नायूतली चरबी वाईट की चांगली? की शास्त्रज्ञांना हवं ते सांगायचं?

पेशीपुराण, गुरुवार रात्री १०:४०

वा, चांगली शंका. २००१ साली पिट्सबर्गच्या गुडपास्टर यांनी हेच मोजलं. मधुमेही लोकांच्या आणि कसलेल्या खेळाडूंच्या स्नायूपेशींत चरबीचे थेंब सारखेच भरपूर. पण खेळाडू इन्सुलिनला झकास प्रतिसाद देणारे, मधुमेही अजिबात नाहीत. याला 'खेळाडूंचा विरोधाभास' असं नाव पडलं.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. दोन दुकानांत माल सारखाच भरलेला आहे, पण एकात रोज उठाव आहे आणि दुसऱ्यात माल पडून खराब होतोय. खेळाडूच्या स्नायूत चरबी येते, जळते, पुन्हा भरते. बैठ्या माणसाच्या स्नायूत ती पडून राहते आणि तिच्यातून डायअसिलग्लिसेरॉल, सेरामाइड असे अर्धवट पदार्थ साचतात. इन्सुलिनच्या निरोपांची साखळी तोडण्याचा आळ मुख्यतः यांच्यावर आहे. यातला मुख्य गुन्हेगार कोण यावर अजून जोरात वाद चालतात, आणि माझ्या मते ते चांगलंच आहे. व्यायामाने थेंब कमी होतीलच असं नाही, त्यांची उलाढाल वाढते.

म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सगळ्यांसाठी: एका व्यायामाने आलेली इन्सुलिनची धार एक-दोन दिवसांत बोथट होते. मधुमेह्यांना "सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको" असं सांगतात ते यामुळेच. शनिवार-रविवार सिंहगड आणि सोमवार ते शुक्रवार खुर्ची, यात दम वाढेल, पण बुधवारी स्नायू पुन्हा जुन्या जागी आलेला असतो. आठवड्याला १५० मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, तो तुकड्यांत वाटून घ्या.

धन्नो, शुक्रवार सकाळी ८:०५

मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) चालू आहे माझं. व्यायामाने एवढं होतंय तर गोळी बंद करू का? कुठेतरी वाचलं की मेटफॉर्मिनने व्यायामाचा फायदा कमी होतो.

पेशीपुराण, शुक्रवार सकाळी ९:३०

स्वतःच्या मनाने नको, अजिबात नको. काही प्रयोगांत मेटफॉर्मिन घेणाऱ्या वयस्कांच्या मायटोकॉन्ड्रियांची वाढ व्यायामानंतर थोडी मंदावलेली दिसली, हे खरं आहे. पण तो स्नायूचा तुकडा झाला. पूर्ण माणसांचं बघायचं तर चेन्नईचा भारतीय अभ्यास आहे, २००६ चा. साखर काठावर असलेल्या लोकांत आहार-व्यायामाने मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने २६.४, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर २८.२. एकावर एक ठेवून फायदा दुप्पट झाला नाही, पण तोटाही झाला नाही. तुमच्या बाबतीत पीसीओएससाठी गोळीचा वेगळा उपयोगही असेल. हा रिपोर्ट घेऊन जा आणि डॉक्टरांनाच विचारा.

कोथरूडचे_आप्पा, शुक्रवार सायंकाळी ७:१०

पेशीपुराण साहेब, काल व परवा रात्री जेवणानंतर चाललो. सौ. पण आल्या. कंबर मोजावी म्हणता, पण नेमकी कुठे? पॅन्टचा पट्टा ३४ आहे.

पेशीपुराण, शुक्रवार रात्री ९:२५

आप्पा, पॅन्टच्या पट्ट्यावर विश्वास ठेवू नका, तो पोटाच्या खाली सरकलेला असतो. कपडा नसलेल्या अंगावर मोजा. एका बाजूला शेवटची बरगडी चाचपा, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, दोघांच्या बरोबर मध्ये टेप ठेवा. श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका, टेप जमिनीला समांतर आहे ना ते काकूंना बघायला सांगा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा धरतात. दर महिन्याला त्याच वेळी, त्याच टेपने मोजा. काकूंचीही.

रानभूल, शुक्रवार रात्री ९:३३

१०४ आली. टेपच खराब असंल.